किलोच्या सोळा

हैदराबादच्या दवाखान्यात माझं वजन चौऱ्याण्णव किलो भरलं, त्या दिवशी लातूरला आमच्या गल्लीत नळाला पाणी येऊन महिना होऊन गेला होता. डॉक्टरांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि मग अक्काच्या फायलीकडे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि नांदेडला आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस चालू होतं. तिच्या एकुलत्या लेकीचा रक्तगट जुळत नव्हता, माझा जुळला. पुढच्या तपासण्याही जुळल्या. बायकोनं संमतीच्या कागदावर सही केली. आता आडवं आलं होतं ते फक्त माझं पोट.

"चौदा किलो उतरवा. ऐंशीला या, मग ऑपरेशनचं बोलू," डॉक्टर म्हणाले. "पण घाई करायची नाही. सहा-सात महिने लागले तरी चालतील."

मी मान हलवली, पण मनात म्हणालो, तुमचं काय जातंय सहा-सात महिने म्हणायला. अक्काचा डावा हात सुयांनी काळानिळा पडला होता. दिवसाला एक लिटरच्या वर पाणी प्यायची तिला मनाई होती. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्या लिटरातच. ती रोज सकाळी एक बाटली भरून ठेवायची आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसायची. मला ते बघवत नव्हतं.

त्याच दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एक मॅडम होत्या. हैदराबादी बोलायच्या, आणि आम्हा लातूरकरांना ती बोली घरच्यासारखीच. त्यांनी माझी उंची, वय, काम विचारलं आणि कागदावर बराच वेळ आकडेमोड केली. अंग नुसतं पडून राहिलं तरी त्याला इतकं लागतं, खुर्चीवर बसून काम करता त्याचं थोडं, रोज तासभर चालाल त्याचं थोडं, असं त्यांनी मला ओळीनं दाखवलं. त्या बेरजेतून त्यांनी पाचशेच्या आसपास वजा केले आणि खाली लिहिलं, अठराशे कॅलरी.

"इससे नीचे नक्को जाना," त्या म्हणाल्या. "कम खाना है मियाँ, भूखा नै रैना. भाकरी कित्ते खाते?"

"दिवसाला पाच-सहा," मी म्हणालो.

"चार खाओ. दो कटोरी दाल, सब्जी में तेल कम, एक अंडा, छाछ. दो चाय, बस."

चार भाकरी! मला वाटलं, बाईंना हिशेब तरी कळतो की नाही. एवढं खाऊन कोण वाळतं? तरी मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि एक वही आणली. रोज काय खाल्लं, किती चाललो, ते त्यात लिहायचं ठरवलं. कारकुनाला वही मिळाली की त्याला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

हे जादा चौदा किलो आले कुठून, ते मला पक्कं माहीत होतं. लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघून नवा जिल्हा झाला, तेव्हा माझे मायबाप उदगीरकडचं आमचं खेडं सोडून इथं कामाला आले. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागत होत्या, आणि कचेऱ्या बांधायला विटा उचलणारी माणसं लागत होती. माय विटा वाहायची. त्याच सुमारास अक्का किनवटला मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकीण म्हणून लागली आणि तिच्या जिवावर मी शिकलो. पुढे त्याच नव्या इमारतींपैकी एकीत मला कारकुनी मिळाली. मायनं ज्या भिंतींसाठी विटा वाहिल्या त्यांना पाठ टेकून मी पंचवीस वर्षं बसलो. बसलो म्हणजे बसलोच. फाईल जागेवर, चहा जागेवर, भजी जागेवर. पोट येणार नाही तर काय होणार?

चालायला लागलो आणि चेष्टेला तोंड फुटलं. सगळं शहर पाण्यापायी वणवण करत होतं. नळ कोरडे, बोअर कोरडे, चौकाचौकात टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा. अशात पांढरे बूट घालून एक जाडजूड माणूस सकाळी रिकाम्या हातानं झपाझप चालतोय, हे दृश्य लोकांना पचेना. रांगेतली एक बाई तर रोज मला बघायची. एके दिवशी तिनं हाकच मारली.

"ओ साहेब, मोकळंच कशाला फिरून राहिले? घाम गाळायचाच हाय तर ह्या दोन घागरी न्या की आमच्या घरापस्तोर!"

रांग खदाखदा हसली. मला राग आला, कारण मला राग पटकन येतो. पण दोन पावलं पुढे गेलो आणि वाटलं, बाई खोटं काय बोलली? परत फिरलो आणि तिच्या दोन घागरी उचलून तिच्या दारात नेऊन ठेवल्या. त्या दिवसापासून माझ्या फेरीत तिच्या घागरी धरलेल्याच असायच्या. मॅडमना फोन करून विचारलं, पाणी भरणं व्यायामात धरायचं का? त्या हसून म्हणाल्या, "बिलकुल धरो."

घरी मात्र वेगळीच पंचाईत होती. चालून आलो की घामाचे कपडे, आणि कपडे धुवायला पाणी कुठून आणायचं? बायकोनं तांब्या दाखवून सांगितलं, "एवढ्यात अंघोळ उरका. उरलेलं कुंडीला घालते." मी तेवढ्यात उरकायला शिकलो.

दर रविवारी मी एसटीनं नांदेडला अक्काकडे जायचो. ती तिथं लेकीकडे राहत होती. मी निघालो की पिशवीत एक डबा असायचाच. शेंगापोळ्या, तिळाचे लाडू, लोण्याचा गोळा घातलेले धपाटे. तिला स्वतःला यातलं बरंचसं वर्ज्य होतं. शेंगदाणे तर तिनं चाखायचेही नाहीत. अशी आजारी बाई ओट्याशी स्टूल घेऊन बसते आणि माझ्यासाठी पोळ्या लाटते, ते बघून माझा जीव तुटायचा. नको कसं म्हणणार?

"अक्का, मला वजन उतरवायचंय," मी एकदा म्हणालो.

"एका पोळीनं काय होतंय? चालून राहिलास ना? जिरतंय," ती म्हणाली.

मी एसटीतच दोन पोळ्या संपवायचो. वहीत "अक्काचा डबा" एवढंच लिहायचो. पुढे आकडा लिहायची हिंमत व्हायची नाही.

महिना झाला. रोज तासभर चालणं, घागरी, मोजून चार भाकरी. काट्यावर उभा राहिलो तर पंच्याण्णव. मी काटा हलवून पाहिला, बूट काढून पाहिलं, दुकान बदलून पाहिलं. पंच्याण्णव ते पंच्याण्णवच.

मग माझं डोकं फिरलं. मॅडमचा कागद टराटरा फाडला. मनाशी म्हणालो, अठराशेनं वजन वाढतं तर आठशेनं उतरेल, आणि महिन्याचं काम आठवड्यात होईल. एक भाकरी, एक वाटी वरण, बाकी ताक. चालणं एक तासाचं दोन तास केलं. अक्काचे डबे एसटी स्टँडवर बसलेल्या लोकांना देऊन टाकू लागलो. पाणीसुद्धा कमी पिऊ लागलो, कारण पाणी प्यायलं की काटा वर जातो असं मला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर, अक्का तिकडे घोट मोजतेय आणि आपण इकडे घटाघटा पितोय, ते मनाला पटत नव्हतं.

वजन उतरलं. पाच आठवड्यांत नऊ किलो. कचेरीतले विचारायला लागले, "काय साहेब, तब्येत बरी न्हाई का?" मला ती शाबासकी वाटायची. बायको मात्र गप्प झाली. ती गप्प झाली की काहीतरी बिघडलंय हे मला वीस वर्षांत कळायला हवं होतं. जिना चढताना डोळ्यांसमोर अंधारी यायची, साहेबांवर खेकसायचो, केस कंगव्यात यायचे. मी म्हणायचो, होऊ दे, अजून सहाच किलो राहिलेत.

एका सकाळी दोन तास चालून टँकरच्या रांगेशी आलो आणि त्या बाईच्या घागरी उचलल्या. दहा पावलं टाकली असतील. पुढचं आठवतं ते एवढंच की माझ्या खाली रस्ता ओला होता. भर दुष्काळात दोन घागरी पाणी मी रस्त्यावर सांडलं होतं. मला वाटलं, आता या बायका मला सोडणार नाहीत. पण त्यांनी मला सावलीत ओढलं होतं, आणि ती बाई शेजारणीच्या घागरीतलं तांब्याभर पाणी माझ्या तोंडावर मारत होती. दुसरा तांब्या तिनं मला पाजला.

"पाणी गेलं तुमचं," मी कसाबसा म्हणालो.

"जाऊ द्या. माणूस हाय का न्हाई ते बघू आधी," ती म्हणाली. "सकाळी काय खाल्लंय?"

तिनं पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडात घातला. त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही, तिनंही माझं विचारलं नाही. तिला त्या दिवशी पुन्हा रांगेत शेवटी उभं राहावं लागलं, हे मला नंतर कळलं. आजही टँकर दिसला की माझा हात आपोआप कपाळाशी जातो.

ठरलेल्या तारखेला हैदराबादला गेलो. काटा शहाऐंशी दाखवत होता. मी डॉक्टरांपुढे छाती काढून बसलो. त्यांनी रक्त-लघवीचा रिपोर्ट पाहिला, पुन्हा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"तुमचं क्रिएटिनिन वर गेलंय. पाणी पीत नाही, जेवत नाही. हे काय करून ठेवलंत?"

"वजन उतरवलं, साहेब."

"मी उपाशी माणसाची किडनी काढत नसतो," ते म्हणाले. "पहिली तुमची जपायची आणि मग दुसऱ्याला द्यायची. जा, नीट खा. तीन महिने मला तोंड दाखवू नका. तोवर सुधारलं नाही तर तुमचं नाव मी यादीतून काढून टाकणार."

बाहेर बाकावर येऊन बसलो आणि मला रडू फुटलं. अक्काला वाचवायला निघालो होतो आणि तिचा एकमेव दाता मीच बाद करत होतो. आहारवाल्या मॅडम जाता जाता थांबल्या, सगळं ऐकलं. त्यांनी तोच अठराशेचा कागद पुन्हा लिहून दिला. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "घर जाके बीवी से पूछो, भाकरी कित्ती बडी है." मला तो प्रश्नच कळला नाही.

फोनवर अक्काला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डायलिसिस उरकून तिसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन एसटीनं लातूरला आली. दारात उभी राहून तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बसली, चप्पल काढली, आणि खाली बघत म्हणाली, "बाबा, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं?"

"ते डबे. मी मुद्दाम देत होते."

मला कळेना. माझ्या चेहऱ्याकडे न बघता ती सांगत गेली. "डॉक्टर म्हनला चौदा किलो कमी झाल्याबिगर घेत न्हाई. मी म्हनलं बरं झालं. ह्याचं वजन उतरलंच न्हाई तर ह्याला कुनी कापनार न्हाई. मग तूप घाल, शेंगा घाल, दर रविवारी उठून तेच करून राहिले."

माझा पारा चढला. "म्हणजे मी तिकडे घागरी वाहतोय, आणि तू इकडून मला खाऊ घालून... अक्का, तुला जगायचं नाही का?"

"जगायचंय की," ती म्हणाली. "पन भात्तरला तुला मरू दिलं न्हाई, ते आता माझ्यापायी कापून घ्यायला?"

बहात्तरच्या दुष्काळात मी पाच वर्षांचा होतो आणि ती बारा वर्षांची. माय तिला खडी फोडायच्या दुष्काळी कामावर बरोबर न्यायची. कामावर असलेल्याला सुकडी मिळायची, कोरडा गोडसर भुगा, मूठ-दोन मुठी. अक्का तिच्या वाटची सुकडी ओच्यात बांधून घरी आणायची आणि मला भरवायची. "तू खाल्लीस?" असं मी विचारायचो. "कामावरच खाल्ली," असं ती म्हणायची. ती खाताना मी एकदाही पाहिली नाही. त्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळला तेव्हा तो तिच्याशी बोलायची लाज वाटली.

ती लाज त्या दिवशी मी सोडली. म्हणालो, "अक्का, माझ्या अंगात जे काय आहे ते तुझ्या वाटचंच आहे. मी तुला काही देत नाही. तुझं तुला परत करतोय. आणि तू घेतली नाहीस तर मी आयुष्यभर जेवेन कसा, सांग?"

ती रडली. मी रडलो. बायको स्वयंपाकघरात होती, तीही नाक पुसत होती. मग अक्का उठली. पदर खोचून म्हणाली, "चल, जेवन काय करतात ते बघू दे."

आणि इथंच आमच्या घरातलं मोठं गुपित बाहेर पडलं. बायको भाकरी थापत होती. अक्का तिच्या हातातल्या उंड्याकडे बघतच राहिली.

"अगं, हा उंडा कितीजनाचा?"

"एकाच भाकरीचा, अक्का," बायको म्हणाली.

"किलोच्या किती करतीस?"

बायकोनं कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी मोजलं. आठ. एका किलो पिठाच्या आठ भाकरी. परातीएवढी मोठी आणि बोटभर जाड भाकरी. नवऱ्याला चारच खायला सांगितल्यात म्हटल्यावर त्या चारांत काही कमी पडू नये, म्हणून माझ्या माऊलीनं उंडा आणखी थोडा मोठा केला होता. मॅडमच्या कागदावर चार भाकऱ्या होत्या आणि मी खात होतो आठ. वर अक्काचा डबा.

अक्काला हसू आवरेना. तीन महिन्यांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. "वसतिगृहात आमच्या किलोच्या सोळा व्हायच्या," ती म्हणाली. "तीस वर्षं केल्यात. डोळं झाकून उंडा घेतला तरी सोळाच व्हतात." तिनं पीठ मागितलं, पाटावर बसली आणि पहिल्या चार भाकरी स्वतः थापल्या. दमली तशी बाजूला झाली आणि पुढच्या बारा बायकोकडून करून घेतल्या. किलोच्या बरोबर सोळा भरल्या. मी ताबडतोब हैदराबादला फोन लावला. मॅडमच्या बोलीत थोरली बहीण म्हणजे बाजी. त्या म्हणाल्या, "वो बाजी कू मेरा सलाम बोलो. मेरे कागज़ से अच्छा हिसाब है उनका."

तिथून पुढे माझ्या कॅलरीचा कारभार अक्काकडे गेला. रोज सकाळी नांदेडहून फोन. "काल किती झाल्या? चाललास किती? घागरी किती उचलल्या?" ज्या दिवशी घागरी जास्त त्या दिवशी ती अर्धी भाकरी वाढवून द्यायची. वसतिगृहातही तसंच होतं म्हणे. मुलांच्या खेळाच्या दिवशी अर्धी जास्त, आणि कुणी ताप काढून उठलं की त्याला वेगळी वाटी. "पोरानं उपाशी पळायचं न्हाई आन् भरल्या पोटानं झोपून ऱ्हायचं न्हाई," एवढाच तिचा नियम. मी दोन तासांचं चालणं पुन्हा एक तासावर आणलं. पाणी पोटभर पिऊ लागलो, तिच्याच हुकमानं. "तू पी. माझ्या वाटचं पन पी," ती म्हणायची.

असा तो उन्हाळा गेला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते बघायला मी चालतच गेलो. त्या दिवसाचा व्यायाम तोच. शहर टँकरवर मोजून पाणी घेत होतं, अक्का बाटलीवर मोजून घोट घेत होती आणि मी वहीत भाकरी मोजत होतो. आठवड्याला अर्धा किलो, कधी पाव, कधी काहीच नाही. काटा हलला नाही की माझा जुना राग उसळायचा. मग फोनवर अक्का म्हणायची, "गप. भाकरी तव्यावर टाकली की फुगायला टाइम लागतो." शेंगापोळी मात्र तिनं बंद केली नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला मला एक मिळाली होती, आणि पोळ्याला एक. दोन्ही वेळा तिनं आधी दुपारची भाकरी माझ्या ताटातून उचलून घेतली.

दिवाळीच्या तोंडावर काट्यावर उभा राहिलो तर साडेएकोणऐंशी. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि या वेळी चष्मा काढला नाही. "आता तुम्ही द्यायच्या लायकीचे झालात," म्हणाले. आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी बढती. टँकरवरच्या त्या बाईला सांगायला गेलो, तर एव्हाना टँकर बंद झाला होता आणि रांगही मोडली होती. तिच्या दाराला कुलूप होतं. गावाकडे गेली असं शेजारी म्हणाले. दारापुढे थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मला उठवून चालवलं. माझी पहिली फेरी कुठं असणार? बायकोचा हात धरून मी अक्काच्या खोलीपर्यंत गेलो. आत कुणाला सोडत नव्हते. दाराला काच होती, तिच्यातून बघितलं. अक्का उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावरची सूज उतरली होती. नर्सनं तिच्या हातात पाण्यानं भरलेला मोठा पेला दिला.

अक्कानं दोन घोट घेतले आणि सवयीनं पेला बाजूला ठेवला. दोन घोटांवर थांबायची सवय तिला तीन वर्षांत लागली होती.

"पूरा पीना, अम्मा," नर्स म्हणाली. "अब जित्ता पीते उत्ता पीना."

अक्कानं तिच्याकडे बघितलं, जणू तिला ते नीट ऐकू आलं नव्हतं. मग पेला उचलला आणि प्यायला लागली. थांबली नाही. गळा हलताना मला काचेतून दिसत होता. पेला रिकामा झाला तेव्हा तिनं हात पुढे केला आणि आणखी मागितलं. दुसराही संपवला. तोंड पुसताना तिची नजर काचेवर आली, मी दिसलो, आणि तिनं तळहात पोटावर ठेवून मान हलवली. पोट भरलं, असं.

पाच वर्षांचा असताना तिला खाताना पाहायचं राहून गेलं होतं. आता पन्नाशीला पोचताना तिला पोटभर पिताना पाहिलं. बायको म्हणाली, "चला, उभं राहवत नाही तुम्हाला." मी खोलीत येऊन पडलो. दुपारचं ताट आलं, भात, पप्पू म्हणजे तिकडचं वरण, आणि दोन चपात्या. मी वही मागितली नाही. ताटातलं सगळं जेवलो.